संकेतस्थळ आणि समई : ग्राहकाच्या पारखीचा एक छोटा इतिहास

१

२०१९ च्या श्रावणात आमच्या भाचीची पहिली मंगळागौर होती आणि तिला पितळी समयांची जोडी द्यावी असे घरात ठरले होते. पंचवटीत राहणाऱ्याने समईसाठी संगणकापुढे बसावे हे एरवी हास्यास्पदच ठरले असते. गोदावरी ओलांडली की भांडीबाजार पायी जाण्याच्या अंतरावर आहे. परंतु त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोदावरीला मोठा पूर आला. दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी चढले, काठालगतच्या पेठांत शिरले आणि दुकानदार चिखल उपसण्यात गुंतले. मंगळवार तर तोंडावर आलेला. तेव्हा आम्ही खरेदीच्या एका संकेतस्थळाकडे वळलो. चित्र उत्तम होते. समईखालील शब्दही उत्तम होते : परंपरा, घडण, वारसा. तारे साडेचार होते. आम्ही मागणी नोंदवली.

आली ती समई जेमतेम वीतभर होती. हातात घेताच ती पोकळ आणि हलकी असल्याचे कळले. पुन्हा जाऊन पाहिले, तेव्हा उंचीचा आकडा बारीक अक्षरांत तळाशी दिलेला सापडला. वजन मात्र कोठेच नव्हते. म्हणजे चित्र खोटे होते असे म्हणता येईना, कारण त्या चित्रात समईच्या शेजारी मोजायला दुसरी कोणतीही वस्तू नव्हती. आम्ही ती परत करायला निघालो, तेव्हा परतीचे कारण निवडण्यासाठी इंग्रजीत एक यादी समोर आली : वस्तू सदोष आहे, चुकीची वस्तू आली, उशिरा आली, आता नको आहे. 'वस्तू खरी आहे, पण चित्राने आमची समजूत चुकीची करून दिली' असे म्हणायला त्या यादीत जागाच नव्हती. शेवटी आम्ही 'आता नको आहे' यावर बोट ठेवले. पैसे परत आले, वेळेवर आले; त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या व्यवहाराची जी नोंद राहिली, तीत मन बदलले ते आमचे. चित्राकडे बोट दाखवणारे एक अक्षरही तीत नाही.

हा प्रसंग क्षुल्लक आहे. तरीही त्याने आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. खरेदीचे संकेतस्थळ चांगले की वाईट, हे ग्राहकाने कशावरून ठरवावे? पान झटकन उघडते यावरून? ताऱ्यांच्या संख्येवरून? स्वस्ताईवरून? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला संगणकापेक्षा बाजाराच्या इतिहासाकडे अधिक पाहावे लागले. प्रस्तुत लेख हा त्या पाहण्याचा वृत्तांत आहे.

२

आरंभ शब्दांपासून करू. 'ग्राहक' हा शब्द 'ग्रह्' या धातूपासून आलेला आहे. ग्राहक म्हणजे धरणारा, हाती घेणारा. मराठीतील 'गिऱ्हाईक' हे त्याचेच घरगुती रूप. 'पारख' हा शब्द 'परीक्षा' या शब्दाचा वंशज. 'कस' आणि 'कसोटी' हे दोन्ही शब्द सोने घासून पाहण्याच्या दगडाकडे, 'कष'कडे जातात. याचा अर्थ असा, की खरेदीविषयीचे आपले जुने शब्द हाताचे शब्द आहेत. घेणे म्हणजे धरणे, आणि धरण्याआधी घासणे, वाजवणे, हुंगणे, चाखणे, तोलणे. धान्याची मूठ तळहातावर पसरून पाहणारी, मडक्यावर टिचकी मारून त्याचा आवाज ऐकणारी गृहिणी ही या शब्दांची जिवंत व्याख्या होती.

भांड्यांच्या बाजारात ही पारख विशेष स्पष्टपणे दिसते. नाशिकचे तांब्या-पितळेचे काम जुने. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही त्याची दखल घेतली आहे. या बाजाराचा एक नियम आजही पुष्कळ ठिकाणी टिकून आहे : भांडे वजनावर विकले जाते. घाट, नक्षी, कारागिरी यांची घडणावळ निराळी. पण मूळ किंमत धातूच्या तोलाची. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'मोड'. जुने, फुटके भांडे दुकानदार मोडीच्या भावाने परत घेतो. म्हणजे आजीने घेतलेला हंडा नातसुनेच्या हाती काही एक किंमत ठेवूनच येतो. हल्ली ज्याला परतीचे धोरण म्हणतात, ते सात किंवा दहा दिवसांचे असते. मोडीचे धोरण दोन पिढ्यांचे होते. वजन आणि मोड या दोन गोष्टींमुळे विक्रेत्याला शब्दांचा फुलोरा करण्यास फारसा वाव उरत नसे. तराजू दोघांच्या मध्ये टांगलेला असे आणि काटा दोघांनाही दिसत असे.

पंचवटीच्या काठावर मात्र दुसऱ्या प्रकारचे गिऱ्हाईकही येत आले आहे : यात्रेकरू. रामकुंडावर स्नान करून, काळाराम आणि सीतागुंफा पाहून तो संध्याकाळी निघून जातो; सिंहस्थात आला तर पुन्हा येईल तो बारा वर्षांनी. असे एकदाच येणारे गिऱ्हाईक फसवले जाण्याचा संभव सर्वांत अधिक, कारण त्याच्या नाराजीची किंमत विक्रेत्याला मोजावी लागत नाही. या अडचणीवर तीर्थक्षेत्राने स्वतःचा एक उपाय काढला होता, तो म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गावोगावच्या घराण्यांची नावे या वह्यांत लिहिलेली असतात आणि आलेला यात्रेकरू आपल्या हाताने, आपल्या सहीने त्यांत भर घालतो. अमुक हे आमचे उपाध्याय, आमच्या वंशजांनी यांनाच मानावे, अशा आशयाचे लेखही करून दिले जात. नातू आला की आजोबांचे अक्षर त्याला दाखवले जाते. तो उपाध्यायावर विश्वास ठेवतो तो आजोबांच्या अक्षरामुळे. वहीवर उपाध्यायाचा ताबा असतो आणि नाराज यात्रेकरूचे अक्षर तीत क्वचितच उमटत असेल, हे मान्य. तथापि जे उमटते ते लिहिणाऱ्याचे, त्याच्या नावासह. परतीच्या कारणांची छापील यादी तेथे नाही.

३

जुन्या बाजाराविषयी लिहिताना मन सहज हळवे होते, म्हणून येथे थांबून दोन गोष्टी नोंदवणे आम्हांला आवश्यक वाटते.

पहिली अशी, की जुना बाजार काही आपोआप प्रामाणिक नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष आणि विक्रीच्या मालासाठी पण्याध्यक्ष असे स्वतंत्र अधिकारी सांगितलेले आहेत. एवढेच नव्हे, तर व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण हा विषय त्याने 'कंटकशोधन' या अधिकरणात घातला आहे. खोटे माप वापरणारा हा राज्याच्या पायातील काटा, अशी ती दृष्टी होय. मराठेशाहीतील पेठांत शेटे-महाजन होते आणि पुण्यासारख्या शहरात वजनमापे व भाव यांवर कोतवालाची देखरेख असे. जेथे फसवणूक नसते तेथे असे अधिकारी नेमावे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हाताने पारखून घेण्याचा अधिकार या बाजारात सर्वांना नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाने मालाला हात लावायचा नाही, दुकानाच्या पायरीखाली उभे राहायचे, पैसे दुरून टाकायचे आणि पदरात पडेल ते घ्यायचे, अशी रीत महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी होती. दलित आत्मकथनांच्या वाचकांना ती नव्याने सांगायला नको. आम्ही ज्या पंचवटीविषयी लिहितो आहोत, तिच्यातच २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. तो प्रश्न मंदिरप्रवेशाचा होता, परंतु त्यामागचे तत्त्व हेच होते : कोणाच्या हाताला काय शिवण्याचा अधिकार आहे? 'ग्राहक म्हणजे हाती घेणारा' ही व्याख्या ज्यांना नाकारली गेली, त्यांच्या बाजूने पाहिले तर आजच्या संकेतस्थळाचा एक गुण नाकारता येणार नाही. ते मागणी घेताना जात विचारत नाही, पायरीखाली उभे करत नाही, आणि दाखवलेला भाव ज्याच्या-त्याच्या तोंडाकडे पाहून सांगत नाही. संकेतस्थळांचे मूल्यमापन करताना हा मुद्दा जमेच्या बाजूला ठेवूनच पुढे गेले पाहिजे.

४

वस्तू हातापासून दूर जाण्याचा आरंभ संगणकाने झाला असे आपण समजतो. ते खरे नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ साली मूल्यदेय टपालाची, म्हणजे व्ही.पी.ची पद्धत सुरू केली. विक्रेत्याने माल टपालाने पाठवायचा, पोस्टमनने पैसे घेऊन तो हवाली करायचा आणि टपाल खात्याने ते पैसे विक्रेत्याकडे पोचवायचे. मराठी नियतकालिकांच्या जाहिरातींत 'व्ही.पी.ने पाठवू' हे शब्द कायमचे होऊन बसले. घड्याळे, तेले, औषधे आणि अर्थातच पुस्तके यांचा एक दूरस्थ बाजार महाराष्ट्रात उभा राहिला. आडगावच्या शिक्षकापर्यंत ग्रंथ पोचले ते या वाटेने. आपल्या वाङ्मयाच्या प्रसारात व्ही.पी.चा वाटा किती, याचा अभ्यास कोणी तरी करायला हवा.

या पद्धतीत ग्राहकाची स्थिती काय होती? पार्सल आधी उघडून पाहता येत नसे. पैसे आधी, उघडणे नंतर. टपाल खाते माल पोचवण्याला जबाबदार, मालाच्या गुणाला नव्हे. म्हणजे विश्वासाची विभागणी झाली. पोस्टमन ओळखीचा, सरकारी. पण पुडक्याच्या आत काय आहे ते दूरच्या कोण्या जाहिरातदाराच्या शब्दावर. जाहिरातीचे शब्द याच काळात फुगू लागले हा योगायोग नव्हे. जेथे तराजू दिसत नाही तेथे विशेषणे वाढतात. २०१० साली फ्लिपकार्टने माल पोचल्यावर रोख पैसे देण्याची सोय सुरू केली, तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले. ती सोय म्हणजे शंभराहून अधिक वर्षे जुन्या व्ही.पी.चाच नवा अवतार होता, आणि पुडके उघडण्याआधी पैसे देण्याची जुनी अडचणही बहुधा तिच्यासोबत आली.

५

वस्तू पाकिटात शिरली तेव्हा ग्राहकाने काय केले, याचा इतिहास महाराष्ट्राला अभिमानास्पद आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुट्या मालाची जागा हळूहळू बंद डब्यांनी आणि पुड्यांनी घेतली. मूठ भरून पाहणे संपले. १९६६ साली मुंबईत काही महिलांच्या पुढाकाराने भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्था सुरू झाली. माल तपासणे, त्याची तुलना करणे, तक्रारी तडीस नेणे हे तिचे काम. १९७२ च्या दुष्काळाच्या आणि महागाईच्या काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. मुंबई ग्राहक पंचायतीची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. शेजारपाजारची कुटुंबे एकत्र यायची, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, संस्था माल पारखून घाऊक भावात घ्यायची आणि कुटुंबांनी तो आपसांत वाटून घ्यायचा. एकट्या हाताची पारख जेथे पुरेनाशी झाली, तेथे अनेक हात एकत्र आले.

या चळवळींच्या रेट्यातून ग्राहक संरक्षणाचा कायदा आला. २४ डिसेंबर १९८६ हा त्याच्या मंजुरीचा दिवस. तोच आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. पाकिटावर वजन, किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता छापण्याची सक्ती १९७७ च्या नियमांनी झालेली होती. आज आपल्याला पुड्यावरची ती बारीक अक्षरे निसर्गतः उगवल्यासारखी वाटतात. ती उगवलेली नाहीत. ती मागून, भांडून घेतलेली आहेत. आमच्या मते या सगळ्या इतिहासाचे सार एवढेच आहे : वस्तू ग्राहकाच्या हातापासून जेव्हा जेव्हा एक पाऊल दूर गेली, तेव्हा तेव्हा त्याला नवे माप घडवावे लागले, आणि ते माप विक्रेत्याने आपणहून क्वचितच दिले.

६

आता संकेतस्थळाकडे येऊ. वेबसाइटसाठी मराठीने योजलेला हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. काव्यशास्त्राच्या अभ्यासकांना संकेतस्थळ ठाऊक आहे ते प्रियकर-प्रेयसीच्या ठरलेल्या भेटीची जागा म्हणून. ठरल्या जागी जाऊनही प्रिय न आल्यामुळे जी फसते, ती 'विप्रलब्धा' नायिका. वीतभर समई हाती घेऊन बसलेल्या आमची अवस्था काहीशी तशीच होती. विनोद सोडला तरी शब्द योग्यच म्हणावा लागेल, कारण संकेत म्हणजे आधी केलेला करार. आणि संकेतस्थळाची गुणवत्ता म्हणजे तो करार पाळला जाण्याची खात्री.

भारतात १९९९ साली बंगळूरच्या फॅबमार्टसारख्या प्रयत्नांनी या बाजाराची सुरुवात झाली. २००७ साली फ्लिपकार्ट निघाले ते पुस्तकांची विक्री करण्यासाठी. ॲमेझॉनने अमेरिकेत १९९५ साली पुस्तकांपासूनच सुरुवात केली होती आणि २०१३ साली भारतात येतानाही आधी पुस्तके आणि चित्रपटच मांडले. हा आरंभ पुस्तकांपासून का झाला, याचा विचार साहित्याच्या वाचकांनी करावा असा आहे. पुस्तक ही अशी वस्तू आहे की एका आवृत्तीची प्रत दुसरीसारखीच असते. ती टिचकी मारून पाहावी लागत नाही. लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि आयएसबीएन क्रमांक सांगितला की वस्तू निश्चित होते. दुरून विकण्यास याहून सोयीची वस्तू नाही. पुढे हीच मांडणी, म्हणजे एक चित्र, एक किंमत, चार ओळी आणि तारे, साडीला लागली, समईला लागली, आंब्याला लागली. येवल्याच्या हातमागावरची पैठणी आणि यंत्रमागावरची नक्कल यांतील फरक पदराची उलटी बाजू पाहिल्यावर कळतो. चित्रात उलटी बाजू सहसा नसतेच. पुस्तकाचे माप सर्व वस्तूंना लावले गेले, हे या बाजाराचे मूळ दुखणे होय.

गंमत अशी, की खुद्द पुस्तकांच्या बाबतीतही ते माप नेहमी नीट लावले जात नाही. आवृत्ती कोणती, संपादक कोण, पुनर्मुद्रण कधीचे, अनुवाद कोणाचा, संहिता संपूर्ण की संक्षिप्त, या गोष्टी विद्यार्थ्याला सर्वांत महत्त्वाच्या. आणि विक्रीच्या पानावर नेमक्या याच गोष्टी अनेकदा गाळलेल्या किंवा चुकलेल्या आढळतात. दुकानात आपण मुखपृष्ठ उलटून आतले पान पाहतो. जी संकेतस्थळे आतली काही पाने दाखवतात, ती ग्राहकाच्या हाताला थोडी जागा परत देतात असे म्हटले पाहिजे.

दिसत नसलेल्या गुणाचा बाजारावर काय परिणाम होतो, हे जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले. चांगला माल आणि वाईट माल यांतील फरक घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो चांगल्यालाही वाइटाच्या जवळचीच किंमत देऊ करतो, आणि मग चांगला माल विकणारा बाजारातून उठून जातो. या विचाराला २००१ साली नोबेल मिळाले. आपल्या तांबटाला तो वेगळ्या शब्दांत ठाऊक होता. जाड पत्र्याचा हंडा आणि पातळ पत्र्याचा हंडा चित्रात सारखेच दिसत असतील, तर जाड पत्रा कोण वापरील?

विद्वानांनी संकेतस्थळांसाठी मोजपट्ट्याही तयार केल्या आहेत. मूळचे भारतीय असलेले परशुरामन आणि त्यांचे सहकारी झैथम्ल व बेरी यांनी १९८८ साली सेवेच्या गुणवत्तेसाठी 'सर्वक्वाल' ही मोजपट्टी मांडली. २००५ साली परशुरामन, झैथम्ल आणि मल्होत्रा यांनी जालावरील खरेदीसाठी 'ई-एस-क्वाल' मांडली. तिच्यात चार गोष्टी तपासतात : वापरातील सुलभता, दिलेला शब्द पाळणे, यंत्रणा चालू असणे आणि खाजगी माहितीची जपणूक. व्यवहार बिघडला तर काय, यासाठी जोडीला दुसरी मोजपट्टी आहे : प्रतिसाद, भरपाई आणि माणसाशी संपर्क. ही कामगिरी मोलाची आहे. ग्राहकाला प्रश्न विचारून ती बनवलेली आहे, आणि 'शब्द पाळणे' या कसोटीला तिच्यात मानाचे स्थान आहे. तरीही एक उणीव आम्हांला जाणवते. या मोजपट्टीवर ग्राहकाचे समाधान मोजले जाते. ते समाधान ज्या माहितीवर उभे आहे ती माहिती पुरी होती का, हा प्रश्न वेगळाच राहतो. वजन न सांगता विकलेली समई आवडून गेलेला ग्राहकही समाधानीच असतो.

ताऱ्यांविषयी तर साहित्याच्या शिक्षकांना अधिक काही सांगायला नको. निबंधावर नुसते गुण लिहिले आणि शेरा लिहिला नाही, तर विद्यार्थ्याला काय कळते? साडेचार तारे ही समीक्षा नव्हे, कारण तिच्यात कारण नाही. कोणी तारे दिले समईला, कोणी ती लवकर आली म्हणून, कोणी खोके चांगले होते म्हणून. सगळ्यांची सरासरी मात्र एक. शिवाय हे अभिप्राय विकत घेतलेले असू शकतात. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली जालावरील ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले ते याच कारणाने. परंतु ते आणताना ऐच्छिक ठेवले. आमचा अनुभव असा, की पाच ताऱ्यांच्या अभिप्रायांपेक्षा दोन-तीन ताऱ्यांचे, सकारण लिहिलेले अभिप्राय अधिक उपयोगी पडतात. त्यांत लिहिणाऱ्याचा हात दिसतो.

७

आमच्या त्या समईनंतर वर्षभरातच कायदा बदलला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याच महिन्यात ई-व्यापाराचे स्वतंत्र नियम आले. विक्रेत्याचे नाव-पत्ता, वस्तूचा मूळ देश आणि परतीच्या अटी दाखवल्या पाहिजेत. तक्रार अठ्ठेचाळीस तासांत पोचली असे कळवून एका महिन्यात सोडवली पाहिजे. ग्राहकाची संमती आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीने घेता येणार नाही. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून अभिप्राय लिहू नयेत, अशी कलमे त्यांत आहेत. सर्वांत मोठा बदल मात्र अगदी साधा आहे. ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला आता तक्रार करता येते. विक्रेता गुरुग्रामचा असो की बंगळूरचा, पंचवटीतल्या बाईने नाशिकलाच दाद मागावी. वस्तू दूर गेली होती. न्याय निदान कागदोपत्री तरी जवळ आला.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मांडणीतल्या लबाड्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत. 'एकच नग शिल्लक' अशी खोटी घाई, टोपलीत न विचारता घातलेली वस्तू, नकार देणाऱ्याला लाजवणारे शब्द, शेवटच्या पानावर उगवणारे शुल्क, जाहिरात आहे हे लपवणारी जाहिरात. यादी वाचताना आम्हांला हसू आले, कारण यांतले कितीतरी प्रकार कोणत्याही यात्रेच्या बाजारात ऐकू येतात. फरक इतकाच, की तेथे समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहून खोटी घाई ओळखता येते. पडद्याला डोळे नाहीत.

आणि एक गोष्ट भाषेची. ज्या करारावर ग्राहक संमती देतो, तो त्याच्या भाषेत असावा ही अपेक्षा वावगी नाही. २०२० साली या मागणीवरून महाराष्ट्रात बराच वाद झाला आणि २०२१ मध्ये फ्लिपकार्ट व ॲमेझॉन या दोन्ही मोठ्या संकेतस्थळांनी मराठीची सोय केली. बटणांचे मराठी झाले हे चांगलेच. परंतु गुणवत्तेची परीक्षा बटणांवर होत नाही. परतीच्या अटी, हमीचा मजकूर, तक्रारीचे उत्तर ही मराठीत कळतील अशी आहेत का, हे पाहायचे. त्यातही मराठी अशी हवी की वाचणाऱ्याला ती पुन्हा मनातल्या मनात इंग्रजीत उलटवून घ्यावी लागू नये.

८

तर मग ग्राहकाने संकेतस्थळ कसे पारखावे? इतिहासातून आम्हांला पाच प्रश्न मिळाले, ते असे. वजन सांगितले आहे का. म्हणजे वस्तूची अशी माहिती, जी मोजून खोटी ठरवता येईल? मालाचा धनी कोण आहे ते कळते का? वस्तू परत घेण्याची रीत घेण्याच्या रीतीइतकीच सोपी आहे का? इतरांचे अनुभव कारणांसह, आणि नाराजांचेही, जपून ठेवले आहेत का? आणि शेवटी, आपली तक्रार आपल्या शब्दांत, आपल्या भाषेत लिहिता येते का? सुंदर चित्रे आणि चपळ पाने या नंतरच्या गोष्टी होत.

यांतील शेवटचा प्रश्न आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याच्या हाती कारणांची यादी, त्याच्या हाती व्यवहाराचा इतिहास. 'आता नको आहे' यावर बोट ठेवताना आम्ही एक लहानशी खोटी नोंद इतिहासात घातली, आणि तशी घालणारे आम्ही एकटे नसणार.

नाशिकचे लोक पुराचे माप घेतात ते दुतोंड्या मारुतीवरून. पाणी गुडघ्यापर्यंत आले, कमरेला लागले, छातीवर चढले, असे ते एकमेकांना सांगतात. धरणातून किती पाणी सोडले याचा आकडाही प्रसिद्ध होतो आणि तो महत्त्वाचाच असतो; परंतु मारुती सर्वांना दिसतो, कोणालाही वाचता येतो, आणि तो कोणी पाण्याच्या सोयीने हलवू शकत नाही. बाजारातले माप असेच सर्वांच्या मधोमध उभे असावे, एवढीच ग्राहकाची मागणी कौटिल्याच्या काळापासून आहे.

पूर ओसरल्यावर आम्ही भांडीबाजारात गेलो. दुकानाच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून ओली होती. दुकानदाराने समया पुसून तराजूत ठेवल्या आणि काटा आमच्याकडे वळवला. भाव संकेतस्थळापेक्षा जास्त होता. आम्ही थोडी घासाघीस केली आणि जोडी घेतली.